पार्ल्यातले गप्पी

मासे पाळण्याच्या छंदाचा इतिहास लिहायला बसलेला इंग्रज लेखक सुरुवात चीनपासून करतो आणि दोन पानांत लंडनला पोचतो. आपल्याला इतक्या लांब जायचं कारण नाही. आपल्याकडे या खात्यातली पहिली नोंद थेट मनूच्या नावावर आहे. शतपथ ब्राह्मणात ती कथा येते. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यातून मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि म्हणाला, "मला पाळ, मी तुला वाचवीन." मोठे मासे लहान माशांना खातात, ही तक्रारही त्याने त्याच वेळी नोंदवून ठेवली. मनूने त्याला घागरीत ठेवलं. घागरीत मावेना, तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवलं. खड्ड्यातही मावेना, तेव्हा उचलून समुद्रात नेऊन सोडलं. पुढे प्रलय, नाव, शिंगाला बांधलेला दोर वगैरे मजकूर आहे. पण मत्स्यपाळाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग इथे संपला. दुकानातून बोटाएवढा मासा हौसेने आणावा आणि वर्षभरात त्याला वळायलासुद्धा टाकी पुरू नये, हा अनुभव आजही घरोघर येतो. फक्त आपल्याला मनूची सोय नाही. पार्ल्याला जुहूचा समुद्र जवळ आहे खरा, पण गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यात सोडणं म्हणजे त्याला वाचवणं नव्हे. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो समुद्रात राहून तहानेने मरतो.

मनू त्या माशाला खायला काय घालत होता, हे मात्र शतपथकारांनी सांगितलेलं नाही. विद्वानांचं हे नेहमीचंच आहे. मुख्य प्रश्न तेवढा सोडून देतात.

त्याचं उत्तर मिळायला बाराव्या शतकापर्यंत थांबावं लागतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा ग्रंथ रचला. आपल्या पुरणपोळीची वंशावळ शोधणारे लोक या ग्रंथात डोकावतात आणि मांडे सापडले की समाधानाने पुस्तक मिटतात. त्यांनी आणखी थोडी पानं उलटली असती तर 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण सापडलं असतं. मासे किती जातींचे, नदीतले कुठले, समुद्रातले कुठले, कुणाला काय खाऊ घालावं, ते सगळं राजेसाहेबांनी लिहून ठेवलंय. डॉ. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणलं. हेतू मात्र फारसा सात्त्विक नव्हता. खाऊ घालून माशांचा विश्वास संपादन करायचा आणि मग गळ टाकायचा, असा तो एकंदर विनोद होता. राजकारणात मुरलेला माणूस. त्याला ही युक्ती सुचायला कष्ट पडले नसावेत.

गळ न टाकता नुसतं खाऊ घालणारेही आपल्याकडे होते आणि आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरत नाही. माणसं काठावर बसून त्यांना कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे, पंगतीला उशीर झाल्यासारखे, एकमेकांच्या अंगावरून येतात. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणा नदीवर असंच देवाचं राखीव कुटुंब आहे. याच वैतरणेवर वरच्या अंगाला बांधलेल्या धरणांचं पाणी मुंबईला येतं. तिळशाच्या माशांना ते नुसतं मिळतं, आपल्या टाकीतल्या माशांना क्लोरीन घालून मिळतं, एवढाच फरक. पण त्या फरकाकडे पुढे यावं लागेल.

विलायतेतली कथा थोडक्यात सांगतो. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात दोन गोल्डफिश, थोडी पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवून दाखवून दिलं की, माशांनी टाकलेली घाण वनस्पतींनी वापरावी, सडकी पानं गोगलगायींनी खावीत आणि सगळ्यांनी सुखाने नांदावं, हे एकत्र कुटुंब जमू शकतं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झालेली. सगळ्या इंग्लंडला वेड लागलं आणि दहा-पंधरा वर्षांत ते ओसरलंही. बहुतेक टाक्यांतलं पाणी हिरवं झालं असावं.

पण त्याच्याही आधी आपल्याकडे एक गंमत घडून गेली होती. मुंबई सरकारच्या नोकरीतला कर्नल साइक्स दख्खनभर फिरत असताना इथल्या नद्यांतले मासे गोळा करत होता. १८३९ च्या सुमारास त्याने त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. नावं देताना या भल्या माणसाने स्थानिक लोकांच्या तोंडची नावं उचलली आणि त्यांना लॅटिनच्या रांगेत बसवलं. म्हणून आजही जगभरचे शास्त्रज्ञ एका कुळाला 'रोहटी' आणि दोन जातींना 'कोलस' आणि 'मसुल्ला' म्हणतात. मराठीला अभिजात दर्जा २०२४ साली मिळाला; आमच्या माशांना लॅटिनच्या पंक्तीचा मान त्याआधी पावणेदोनशेहून अधिक वर्षं मिळालेला होता! हे मासे आपल्या दिवाणखान्यात मात्र कुणी आणले नाहीत. तिथे फायटर सयामचा, एंजल ॲमेझॉनचा, मॉली मेक्सिकोकडची, गोल्डफिश चीनचा. दोन फूट लांबीच्या टाकीत संयुक्त राष्ट्रसंघ, आणि आपल्या भीमा-नीरेचा एक प्रतिनिधी नाही.

आता गप्पी. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा पार्ल्यातल्या बहुतेकांना वाटलं की, मासा मूळचा इथलाच असणार. जिथे स्टेशनवरून घरी यायला दहा मिनिटं लागतात, पण वाटेत ओळखीचे भेटत गेल्यामुळे दीड तास होतो, त्या गावाशिवाय हे नाव शोभणार कुठे? खरी हकीकत अशी की, रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचे एक सद्गृहस्थ त्रिनिदाद बेटावर शाळाखात्यात होते. त्यांनी तिथला एक चिमुकला मासा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवला. १८६६ साली तिथल्या ग्युंथरसाहेबांनी तो नवा समजून त्याला गप्पींचं नाव दिलं. पुढे लक्षात आलं की, १८५९ सालीच एका जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलाच्या माशावरून त्याचं बारसं केलेलं आहे. शास्त्रीय नावातून गप्पी गेले. लोकांच्या तोंडी मात्र तेच राहिले. गप्पांचं आणि शास्त्राचं असंच असतं.

हा मासा १९१० च्या सुमारास हिंदुस्थानात आला. नर जेमतेम इंचभर, शेपटीवर रंगपंचमी. मादी थोडी मोठी, रंगाने साधी, कायम पोटुशी. अंडी घालण्याच्या भानगडीत न पडता ती महिन्याकाठी वीस-तीस जिवंत पिल्लं देते आणि लक्ष नसलं तर त्यांतली काही खाऊनही टाकते. पण सरकारला हा मासा आवडला तो रंगासाठी नव्हे, भुकेसाठी. दिवसाकाठी शंभराच्या घरात डासांच्या अळ्या तो फस्त करतो.

आणि मुंबईला त्या भुकेची फार गरज होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात मलेरियाने माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती. सरकारने चार्ल्स बेंटली नावाच्या डॉक्टरला चौकशीला बसवलं. १९११ साली त्याचा अहवाल निघाला. त्याने बोट ठेवलं ते दलदलीवर नाही, झोपड्यांवरही नाही. सभ्य माणसांच्या अंगणातल्या विहिरींवर. स्वच्छ, गोड, पिढ्यान् पिढ्यांच्या पुण्याईच्या विहिरी. त्यांच्याच पाण्यात ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास अंडी घालत होता. या डासाचं वर्णन लिस्टन नावाच्या डॉक्टरने १९०१ साली केलं होतं. वऱ्हाडात एलिचपूरला राहून वर्षभर डासांच्या सवयी न्याहाळणारा हाच तो माणूस. (हा आपला देशी डास आता परदेशी गेलाय. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबुतीला सापडला, आणि तिथल्या शहरांत त्याने जो संसार थाटलाय त्याने तिकडचे डॉक्टर हवालदिल आहेत. आपली माणसं बाहेर गेली की कर्तृत्व गाजवतात, ते असं.)

विहिरी बुजवा, असा हुकूम निघाला आणि मुंबई खवळली. पारशांना विहिरीच्या काठी प्रार्थना करायची, हिंदूंना पूजेला विहिरीचंच पाणी हवं, जैनांचे नियम वेगळे. एरवी एका बाकावर न बसणारी मंडळी विहिरीच्या काठावर एक झाली. शेवटी झाकणं, जाळीची दारं, परवानग्या अशा तडजोडी निघाल्या. १९२८ साली गॉर्डन कॉव्हेल यांनी पुन्हा चौकशी करून अहवाल लिहिला, तेव्हाही डास तोच होता. ज्या विहिरी उघड्या राहिल्या त्यांच्यासाठी गप्पी हा उत्तम तोडगा ठरला. गप्पी कुठल्याच धर्माचे नाहीत आणि पाणीही बाटवत नाहीत.

पार्लं तेव्हा मुंबईत नव्हतंच. ते मुंबईत आलं १९५० साली. पण विहिरी इथे बंगल्याबंगल्यांत होत्या. आंबा, फणस, पायरीवर पेपर वाचणारे आजोबा आणि मागच्या अंगाला विहीर, हा पार्ल्याच्या बंगल्याचा ठरीव नकाशा. लहानपणी आमच्याकडे पालिकेचा माणूस यायचा. खाकी कपडे, हातात लांब दांड्याचं पळीसारखं भांडं. त्याला आम्ही 'मलेरियावाला' म्हणत असू, म्हणजे मलेरिया हा जणू त्याच्या विक्रीचा माल होता. तो विहिरीतून पाणी काढून उन्हात धरून बघायचा आणि कधी डबा वाकडा करून चार-दोन गप्पी आत सोडायचा. देशातला मलेरिया संपवण्याची मोहीम तेव्हा जोरात होती. १९५३ साली सुरू झालेल्या फवारणीने १९६५ पर्यंत वर्षाचे रुग्ण लाखावर आणून ठेवले होते. मग डीडीटीला डास सरावले, माणसं निष्काळजी झाली आणि १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. आमच्या गल्लीत त्या सुमारास घराआड एक माणूस गोधडी पांघरून कुडकुडत होता. पलीकडच्या बंगल्यातला कॉलेजात जाणारा मुलगा त्यातच गेला. त्याच्या आईने पुढे कित्येक वर्षं विहिरीवरचं झाकण रोज दोन वेळा हाताने चाचपून पाहिलं. गप्पींची थट्टा करायची तर ती मला एवढी आठवण ठेवूनच करता येते.

विहिरीतल्या गप्पींना कधी कुणी खायला घातलं नाही. ते अळ्या खायचे, शेवाळ खायचे, वरून पडलेला किडा खायचे आणि पिढ्या वाढवायचे. त्यांचे हाल सुरू झाले ते त्यांना वर काढून काचेत ठेवल्यावर.

काचेची टाकी पार्ल्यात शिरली ती तारापोरवाला मत्स्यालयामागून. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं. मे महिन्यात गावाहून पाहुणे आले की त्यांना राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला ही त्रिस्थळी यात्रा घडवणं हे प्रत्येक मुंबईकराचं कर्तव्य होतं. २०१५ साली ते नव्याने सजवून उघडलं आणि २०२० साली महामारीत बंद झालं. तिथून परतलेलं पोर रडायला लागलं की बाप पुढच्या रविवारी क्रॉफर्ड मार्केटला जाई. तिथून प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून दिलेले मासे घेऊन, चर्चगेटच्या गाडीत पिशवी डोक्यावर धरून पार्ल्यापर्यंत उभं राहणं, हे एक आसनच होतं. टाकी म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चौकट, कडांना लांबी भरलेली आणि एका कोपऱ्यातून ठिबकणारी. खाली वाटी.

आणि मग सुरू होई खाऊ घालणं. मराठी माणसाचं प्रेम व्यक्त करण्याचं साधन एकच, आग्रह. "अजून एक घ्याच," हे वाक्य ज्यांच्या तोंडात बसलंय त्यांच्या घरी मासा सुखी राहणं कठीण. पाहुणा निदान पानावर आडवा हात धरतो. माशाला हात नाही. शिवाय काचेपाशी कुणी आलं की तो धावत वर येतो आणि तोंड उघडतो. त्याला माणूस ओळखता येतो, जेवणाची वेळही पाठ होते; गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची, ही निव्वळ अफवा आहे. पण वर आलेला प्रत्येक मासा उपाशी असतो, हा समज त्याहून मोठी अफवा आहे. गोल्डफिशला तर जठर म्हणून वेगळा अवयवच नाही. पोट भरलं हे त्याने कळवायचं कुठून?

आमच्या शेजारच्या आजी टाकीत नैवेद्याचा भात टाकत. वरचे काका ऑफिसला जाताना पोळीचा तुकडा टाकत, काकू दुपारी टाकत, मुलं शाळेतून आली की टाकत. आणि कुणी आधी टाकलंय का, हे विचारणं प्रत्येकाला अपमानाचं वाटे. बिस्किटाचा चुरा तर पार्ल्यात अटळच होता. १९२९ साली निघालेल्या कारखान्यात १९३९ पासून बिस्किटं भाजली जात होती आणि स्टेशनवर उतरलेल्याला गाव नाकाने कळत होतं. २०१६ साली कारखाना बंद झाला आणि तो वास गेला. सगळं गाव ज्यावर वाढलं त्याने मासा मेला, हे पार्लेकराला पटवणं सोपं नव्हतं. पण साखर आणि मैदा पाण्यात विरघळतात, कुजतात आणि पाणी दुधासारखं होतं.

मेलेल्या माशाच्या पोटात दुखलेलं नसतं. त्याचा श्वास कोंडलेला असतो. उरलेलं अन्न आणि माशांची घाण यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांच्या कल्ल्यांना भाजतो. वाळूत आणि गाळणीत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत बसायला महिना-दीड महिना लागतो. आपण मात्र शनिवारी टाकी आणून रविवारी बारा मासे सोडतो, सोमवारी त्यांना मेजवानी देतो आणि शुक्रवारी दुकानदाराला शिव्या देतो. मग कुणीतरी सगळी टाकी साबण लावून घासतं आणि उरलेले जिवाणूही गटारात जातात. नळाचं पाणी थेट ओतलं की क्लोरीन आहेच. ते बादलीत दिवसभर उघडं ठेवावं आणि आठवड्याला चौथाई पाणी बदलावं, इतकंच करायचं असतं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा-दोनदा, आणि आठवड्यातून एक उपास. आपल्या घरातले जे लोक एकादशीला साबुदाण्याची खिचडी दुप्पट खातात त्यांना हा उपास समजत नाही.

माशांच्या जेवणाचं शास्त्र १९५५ साली जर्मनीत सुटसुटीत झालं. उलरिख बेन्श नावाच्या संशोधकाने चुरचुरीत पापुद्र्यांचं तयार खाद्य काढलं. ते इथे सर्रास मिळेपर्यंत ज्यांना माशांचं भलं करायचं होतं ते ट्युबिफेक्स आणत. ट्युबिफेक्स म्हणजे गटाराच्या चिखलात वाढणारे लाल, केसासारखे किडे. ते जिवंत ठेवायचे तर बशीत घालून वरून नळाची धार थेंबथेंब सोडावी लागते. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर राहायचा, त्या घराच्या मोरीत लाल किड्यांची वळवळती बशी! एका घरात या बशीवरून सुनेने माहेरी जाण्याची धमकी दिल्याचं मला ठाऊक आहे. सासऱ्यांनी पंचाईत ओळखून सुकटीचा चुरा करून आणला. तो मासे आवडीने खात, पण त्याचा वास मोरीतून थेट देवघरात पोचला आणि अखेर सासूबाई माहेरी गेल्या.

या सगळ्यांना बसमध्ये बसून वर्सोव्याला जाता आलं असतं. १९६१ सालापासून तिथे मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. पण पार्लेकर कुणाला विचारायला जात नाही. त्याला माहीत असतं.

गप्पींबद्दल शास्त्रज्ञांचं मतही आता पूर्वीइतकं प्रेमळ राहिलेलं नाही. त्यांचा चुलतभाऊ गॅम्बुसिया १९२८ साली इटलीहून इथे आणला, तो आज जगातल्या शंभर उपद्रवी घुसखोरांच्या यादीत आहे. ओढ्यात-तळ्यात सोडले तर हे पाहुणे घरच्या माशांना जागा ठेवत नाहीत. आपल्या कोकणच्या ओहोळांतही अळ्या खाणारा, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला एक देशी मासा आहे. त्याला कुणी मानाने बोलावलं नाही. तेव्हा गप्पी विहिरीत, हौदात, बांधकामाच्या टाकीत ठीक. नदी-नाल्यात नको.

पण विहिरीच राहिल्या किती? बंगल्यांच्या सोसायट्या झाल्या, सोसायट्यांचे टॉवर होताहेत. आमच्या इमारतीचा करार झाला तेव्हा मागची विहीर बुजवायचं ठरलं. त्यावर सभा झाली. अडीच तास. पार्किंगवर दोन तास, विहिरीवर अर्धा. चिटणीस म्हणाले, "माशांचं काय करायचं?" कुणीतरी "नाल्यात सोडा" म्हणालं, त्याला तिघांनी एकदम विरोध केला. मग पलीकडच्या बंगल्यातल्या बाई उठल्या. बंगला पाडल्यावर त्या आता आमच्याकडेच भाड्याने राहतात, वय ब्याऐंशी. "त्यांना मी सांभाळते," एवढंच बोलून त्या खाली बसल्या. सभेत नंतर कुणी बोललं नाही, ही पार्ल्याच्या इतिहासातली नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी मच्छरदाणीच्या तुकड्याने आम्ही मासे काढले. साठ मोजले, मग मोजणं सोडलं. बाईंच्या गॅलरीत जुना सिमेंटचा हौद होता, त्यात विहिरीचंच पाणी भरून आणि विहिरीचाच थोडा गाळ टाकून त्यांना सोडलं. उरलेले बरण्यांतून मजल्यामजल्यावर वाटले. प्रत्येक बरणीबरोबर मी तोंडी सूचना दिली : खायला काही घालू नका, डास होतील तेवढे त्यांना पुरे आहेत.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. "अहो, ते सारखे वर येऊन तोंड उघडताहेत. दिवाळीची चकली आहे थोडी. चुरून घातली तर चालेल ना?"